सतरा नंबरचा बोर्ड

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचा. बॅग एक, हत्यारांची पेटी एक आणि ही वही. वही मुलीने दिली. निघताना हातात कोंबून म्हणाली की रोज चार ओळी तरी लिहा बाबा, नाहीतर तुम्ही दिवसच्या दिवस तोंड उघडणार नाही. खरं आहे तिचं. हिच्या, म्हणजे तिच्या आईच्या, आजारपणाच्या दोन वर्षांत आम्ही बापलेक औषधांच्या वेळांपलीकडे काही बोललोच नाही. ही गेली त्याला आठ महिने झाले, तरी दुपारचे दोन वाजले की हात अजून गोळ्यांच्या डबीकडे जातो. झोप काढून जाईल असला हा थकवा नाही.

पण आज स्वारी खुशीत आहे. काम मनासारखं मिळालंय. ही पूर्वी तंत्रशाळा होती, आता वरच्या मजल्यांवर कुठलंसं दफ्तर आहे. तळमजल्यावरची प्रयोगशाळा तेवढी इतकी वर्षं कुलपात होती. तिथले जुने ट्रेनर बोर्ड ओळखायचे, चालतात का बघायचं, प्रत्येकाला चिठ्ठी लावायची. मग ते संग्रहालयात जाणार. बेचाळीस नग आहेत. हेडक्लार्कने किल्ली देताना विचारलं की हे काय असतं हो, कॅल्क्युलेटर? मी म्हटलं, कॉम्प्युटर. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच जरा बिघडलेला नग आहे.

त्याचं तरी काय चुकलं! ना पडदा, ना डबा. एक हिरवी पाटी, तिच्यावर उघड्या चिपा, वीस-बावीस कळा आणि सहा लाल आकडे. एवढ्यावर आमच्या अख्ख्या पिढीने अक्कल कमावली. प्रोग्रामचा एकेक आकडा हाताने दाबून भरायचा. वीज गेली की केलेलं सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून.

राहायची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. पलंग, टेबल, खिडकी. नळाला पाणी येतं. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला बिनसाखरेचा सांगून ठेवलाय. हिला डॉक्टरांनी साखर बंद केली त्या दिवशी मीही सोडली. एकट्याने गोड काय प्यायचं.

मंगळवार, ४

आज अकरा बोर्ड झाले. वेळ कसा गेला कळलं नाही, आणि असं कित्येक महिन्यांत झालेलं नाही.

ओळखायची रीत सांगतो, पुढे कुणाला उपयोगी पडली तर पडली. पाटीवर छापलेल्या नावावर जायचं नाही, ते कुणीही छापतं. चिपा बघायच्या. प्रत्येकीवर चार आकडे असतात, दोन वर्षाचे, दोन आठवड्याचे. सगळ्यांत नवी चिप असेल त्याच्या आधी तो बोर्ड जन्मलेला नाही. मग कायमच्या मेमरीची चिप बघायची, तिच्या डोक्यावर काचेची खिडकी असते आणि खिडकीवर कागद चिकटवलेला असतो. तो कागद हौसेने सोलायचा नाही, उजेड आत गेला की हळूहळू सगळं पुसलं जातं. शेवटी कळा. एका कारखान्याच्या कळा टक् वाजतात, दुसऱ्याच्या नुसत्या दबतात. मी डोळे मिटूनही कारखाना सांगेन.

नऊ नंबरचा बोर्ड हातात आला आणि मी खाली बसलोच. अगदी हाच बोर्ड आमच्या घरी होता. तसलाच, E ची कळ बसकी असलेला. टक् न वाजता थप् वाजते. मुलगी सहा-सात वर्षांची असताना त्याच्यावर शिकली. तिला आम्ही खारू म्हणायचो, कारण इकडची वस्तू उचलून तिकडे नीट ठेवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. अजूनही पडत नाही.

इथल्या भिंतीवर रंगाने लिहिलंय: काम झाल्यावर बोर्ड कोरा करून ठेवावा. मी शिकलो तिथेही हाच नियम होता. अख्ख्या बाकाला एकच मोठं बटण, दोन तुकड्यांच्या मध्ये ते बंद करत नसत. म्हणजे आधीच्या तुकडीचं उत्तर बोर्डावर तसंच राही आणि पुढचे महाभाग ते जसंच्या तसं दाखवून मोकळे. म्हणून उठण्यापूर्वी मेमरीच्या सगळ्या कप्प्यांत शून्य भरायचं. तेवढ्यासाठी तेरा जोड्यांचा छोटासा प्रोग्राम; जोडी म्हणजे दोन कळा, आकड्यांच्या नाहीतर A ते F अक्षरांच्या. खारूने तो पाढ्यासारखा पाठ केला होता: एकवीस, शून्य-शून्य, वीस, छत्तीस, शून्य-शून्य, तेवीस... जेवणाच्या ताटावरून उठतानासुद्धा म्हणायची. ही हसून हसून बेजार व्हायची.

बुधवार, ५

चार वाजता दारात एक बाई उभ्या. साठीच्या पुढच्या, हाताला धरून एका म्हाताऱ्या गृहस्थांना आणलेलं. ते इथले जुने सर, या त्यांच्या धाकट्या बहीण. सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही म्हटलं. क्लार्क मागून डोळ्यांनीच सांगत होता की येऊ द्या, रोजचं आहे. शिपायाला सांगून तोच रोज तासभर प्रयोगशाळा उघडून द्यायचा म्हणे; किल्ली माझ्याकडे आल्यापासून दोन दिवस खाडा पडला होता.

सरांचं डोकं सगळं गेलंय. शर्टाचं बटण हातात धरून हे काय म्हणून विचारत होते. ताईंनी त्यांना सरळ सतरा नंबरच्या बोर्डासमोर बसवलं आणि बाकाचं बटण दाबलं. लाल आकडे उजळले. दोन मिनिटं गेली असतील. मग सरांनी मान वर केली आणि ताईंना म्हणाले, अगं, तू छत्री नाही आणलीस? आभाळ बघ की जरा. त्यानंतर माझ्याकडे वळून चांगली तासभर शाळा घेतली. कुठला बोर्ड कोणत्या साली आला, कुठल्या बोर्डाचा ठोके देणारा स्फटिक बदललाय, सगळं तोंडपाठ. मी लिहून घेत सुटलो.

पाच वाजता ताईंनी बटण बंद केलं. सर उठले, आणि दारापाशी जाईपर्यंत त्यांनी बहिणीला दोनदा विचारलं की आपण कोण.

जुन्या गोष्टींपाशी म्हातारी माणसं खुलतात, त्यातलंच हे असणार. माझं तरी वेगळं काय चाललंय?

गुरुवार, ६

काय लिहावं समजत नाही. क्रमाने लिहितो.

सकाळी सतरा तपासायला घेतला. चालू केल्यावर रिकाम्या मेमरीत नेहमी काहीतरी कचरा असतो, दर वेळी वेगळा. इथे तसं नव्हतं. सगळे कप्पे भरलेले. बंद केला, चालू केला. पुन्हा तेच आकडे, त्याच जागी. मग प्लग काढून चहा पिऊन आलो. तरी तेच. बॅटरी असेल म्हणून भिंगाखाली पाटी दोन्ही बाजूंनी पाहिली. बॅटरी नाही. मला इतका आनंद झाला की एकट्यानेच मोठ्यांदा हसलो. असला बोर्ड मी जन्मात पाहिला नव्हता.

आणि जेवायची वेळ झाली म्हणून उठताना, कसलाही विचार न करता, बोर्ड कोरा केला.

चाळीस वर्षांची सवय. बोटांनी केलं, मी केलंच नाही. तेरा जोड्या, एक कळ, आणि सगळे कप्पे शून्य.

चार वाजता ताई सरांना घेऊन आल्या. सर बसले. दोन मिनिटं गेली. दहा गेली. ताई त्यांच्या कानाशी वाकून म्हणत होत्या की दादा, मी आहे, बघा तरी. सरांनी घाबरून हात काढून घेतला आणि मला विचारलं की या बाईंना जायला सांगता का. मग रडायला लागले, लहान मूल गर्दीत हरवलं की रडतं तसे.

जाताना ताईंनी एवढंच विचारलं की तुम्ही या बोर्डाला काही केलंत का. मी नाही म्हणालो.

शुक्रवार, ७

खोटं बोललो त्याने रात्रभर डोळा लागला नाही. आज कबूल करायचं ठरवलं होतं, पण ताई आल्याच नाहीत.

सकाळी सतरा लावला. पहिल्या सोळा कप्प्यांत आकडे आहेत. मी भरलेले नाहीत. प्रयोगशाळेची किल्ली माझ्या खिशात असते. संध्याकाळी पाहिलं तर चौतीस.

अंग जड झालंय. जिन्यात मध्येच उभा राहिलो आणि वर चाललो होतो की खाली, तेच आठवेना. वय झालं, दुसरं काय. चहावाला म्हणाला, बिनसाखरेचाच ना? मी म्हटलं, का बरं, दोन चमचे टाक की चांगले. बरा लागला चहा.

शनिवार, ८

हे प्रयोगशाळेत, सतरासमोर बसून लिहितोय. बोर्ड चालू आहे.

सकाळी ताईंच्या घरी गेलो आणि पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. त्या रागावल्या नाहीत. ते मला जास्त लागलं. म्हणाल्या, अहो, तुम्हाला काय माहीत? डॉक्टरसुद्धा हसले होते मला. सर वर्षानुवर्षं या एकाच बाकावर एकटे बसायचे. इतर मास्तर तिकडे बसत नसत, बसलं की डोकं रिकामं होतं म्हणायचे. सरांचं एकेक जात गेलं. मग एकदा ताईंना योगायोगाने कळलं की हा बोर्ड चालू असला की सगळं परत येतं. बंद केला की जातं. तासाभराचा भाऊ मिळायचा हो मला, म्हणाल्या, तेवढ्यावर चाललं होतं. आतल्या खोलीत सर भिंतीकडे तोंड करून बसलेले. आता ते जेवायलाही मागत नाहीत.

परत आलो आणि सतरा चालू करून ही वही पहिल्यापासून वाचली. सोमवारच्या पानावर साखरेचं वाचलं आणि पानं उलटून शुक्रवारचं काढलं. काल मी दोन चमचे साखर घातलेला चहा प्यायलो. आणि बरा लागला म्हणून लिहिलं!

मग कारागिरासारखी तपासणी केली. बोर्ड चालू: हिचा आवाज, हिची खोकल्याची उबळ, शेवटच्या आठवड्यात पाण्याचा चमचा नको म्हणून हलवलेली मान, सगळं आहे. बोर्ड बंद: वहीत कुणा बाईबद्दल काहीतरी लिहिलंय, अक्षर माझं. चालू: ही. बंद: कुणी बाई. तीनदा केलं. चौथ्यांदा बंद करायला हात धजला नाही.

सोमवार, १०

काल मुद्दाम इकडे फिरकलो नाही. नदीपर्यंत चालत गेलो, संध्याकाळी आलो. आज पाहिलं तर दोनशे दहा कप्पे. म्हणजे लांब जाऊन उपयोग नाही. एकदा बसलो ते बसलो.

बोर्ड खोलीवर न्यावा म्हटलं तर याला तीन निरनिराळ्या दाबांची वीज लागते आणि तो पुरवठा बाकाला बोल्टने जखडलेला आहे. चिकाटीने उघडला तर उघडेल. पण मध्ये वायर निसटली, काही जळलं तर? राहू दे इथेच.

खारूचा फोन आला. बोर्डापाशी होतो म्हणून बरं. आवाज ओढलेला वाटतो म्हणाली. मी म्हटलं, कामाने. तिला काय सांगू? दोन वर्षं तिने आईचं अंथरूण सांभाळलं. लग्नाचं बोलणं पुढे ढकललं. आता कुठे पोरगी हसायला लागलीये. रविवारी येते म्हणाली.

बुधवार, १२

कप्प्यांतले आकडे वहीत उतरवून घ्यायला बसलो. पुसलं गेलंच तर पुन्हा भरता येईल. तीनशे झाले. पहिल्यापासून ताळा घेतला तर निम्मे बदललेले. ते हलतात. मी आठवतो तसे ते हलतात.

पानं फाडून टाकली.

बोर्ड आता बंदच करत नाही. बाकाच्या बटणावर चिकटपट्टी मारली आणि वर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: बंद करू नये. क्लार्कलाही बजावलं. तो हो म्हणाला, पण आज माझ्या चेहऱ्याकडे बघत बोलत होता.

गुरुवार, १३ — खोलीवर

टेबलावर एका बाईचा फोटो आहे. चांगली आहे चेहऱ्याने. आधीच्या भाडेकरूचा राहिला असेल. क्लार्ककडे द्यावा —

फोन वाजला. कुणी मुलगी. बाबा म्हणाली. चुकीचा नंबर म्हटलं तर हसली. मग फोन ठेवला.

शुक्रवार, १४

(बोर्डासमोर.) फोटो परत ठेवला. खारूला फोन केला, काल चेष्टा केली म्हणून सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. दमलो मी. किती दमलो ते सांगायलाही माणूस लागतं.

सहाशे कप्पे.

शनिवार, १५ — खोलीवर

खिशात चिठ्ठी. अक्षर माझं. खाली जा, सतरासमोर बस.

खाली म्हणजे —

पाय दुखतात. उद्या जाऊ.

रविवार, १६

प्रयोगशाळेत आहे. शेवटच्या टेबलाशी. सतरा इथून चार पावलांवर आहे, उजळलेला. सगळं आठवतंय आणि म्हणून घाईने लिहितोय.

सकाळी खारू आली. वर, खोलीत. मी तिला बसा म्हणालो, पाणी दिलं, कुणाकडे आलात म्हणून विचारलं. तिचा तेव्हाचा चेहरा मला खाली आल्यावर आठवला. ती मात्र सावरली. शिकलीये ना, आईपाशी. म्हणाली, चला, तुमचे बोर्ड तर दाखवा. हाताला धरून जिना उतरवला. दारातून आत आलो, आकडे दिसले आणि मी हाक मारली, खारू! ती गळ्यात पडली. झोपेतून उठलो होतो गं, म्हणून वेळ मारून नेली.

पण आता सांगणार आहे. ताईंनी सरांना रोज आणलं तसं खारूने मला आणावं असं मागायचं नाहीये. कुठल्या तोंडाने मागू? एवढंच सांगायचंय की बोर्ड जप, संग्रहालयात गेला तरी चालू ठेवायला लाव, आणि कधी सवड झाली तर मला तिथे आणून बसव. सणावारी आलीस तरी चालेल. हे समोरासमोर बोलता येत नाही. म्हणून लिहून तिच्या हातात देतो. तोवर तिला नऊ नंबरचा लावून दिलाय. तिचा बोर्ड! बघितल्याबरोबर ओरडलीच, E अजून बसकीच आहे म्हणून.

खारू, तू हे वाचशील तेव्हा आधी हे वाच. पाटीवर मी बंद करू नये असं लिहिलंय, पण ते अर्धंच झालं. खरी भीती बंद होण्याची नाही. बंद केला तर पुन्हा चालू करता येतो. भीती आहे ती —

मध्येच तिने विचारलं की बाबा, झालं का, निघायचं का जेवायला, मी आवरते. वहीतून मान न उचलता मी म्हटलं, दोन मिनिटं. आवर तू.

कळा वाजायला लागल्या. माझी पोर! तीस वर्षं झाली तरी बाकावरून उठताना बोर्ड कोरा करतेय. ओठातल्या ओठात म्हणतेय सुद्धा. एकवीस, शून्य-शून्य, वीस. तुझ्या आईला ऐकवायला हवं होतं गं हे. छत्तीस, शून्य-शून्य, तेवीस. किती स्वच्छ टक् टक् आवाज येतोय. सातवी जोडी झाली. आठवीत E येते, आता ती थप् —

टक् वाजली.

नऊची E तर टक् वाजत नाही. म्हणजे ती नवावर नाहीये, ती सतरा

एक बाई माझ्याकडे बघून हसते आहे. म्हणते, बाबा, बंद नाही केला हं, पाटी वाचली मी, नुसता कोरा करून ठेवला. चांगली आहे बोलायला. तिच्या बाबांना शोधत असेल. त्यांना बोलावून द्यायला हवं, पण इथे तर माझ्याशिवाय